खरवडलेली गिटार

गिटार घडवणारा कारागीर जिथे बोटं पडतात ती पट्टी जास्तीत जास्त सपाट राहावी म्हणून जिवाचं रान करतो. पट्टीवर ठरावीक अंतरांवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. बोटानं तार दाबली की ती पडद्याला टेकते आणि एक नेमका स्वर निघतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत एब्रहॅम वेक्टर नावाच्या कारागिरानं एका गिऱ्हाइकासाठी नेमकं उलटं काम केलं. गिब्सन कंपनीच्या जे-२०० या भल्यामोठ्या गिटारवर बेतलेल्या वाद्याच्या पट्टीतलं, दोन पडद्यांच्या मधलं लाकूड त्यानं खरवडून काढलं. तिथे वाटीसारखे खळगे केले. शिवाय सहा तारांच्या खाली, ध्वनिछिद्रावरून पंचेचाळीस अंशांच्या कोनात, आणखी सात तारा बसवल्या. या तारा वेगळ्या मिळवता येत. रागाचे स्वर त्यांत लावायचे आणि मधूनच त्यांवरून हात फिरवायचा. थोडं तरफेचं काम, थोडं स्वरमंडळाचं.

हे गिऱ्हाईक म्हणजे जॉन मॅकलॉफलिन. त्या वेळी तो जगातल्या सर्वांत गाजलेल्या विजेच्या गिटारवादकांपैकी एक होता.

खळगे केल्यानं मिळतं काय? बोटाखाली लाकूडच नसल्यामुळे तार खोल दाबता येते, आडवी लांबवर खेचता येते. सतारीवर किंवा वीणेवर जशी मींड निघते, गमक निघते, तशी गिटारवर निघू लागते. जातं काय, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. अशा पट्टीवर कॉर्ड धरणं अवघड होतं. चार-पाच तारा एकदम दाबताना एखाद्या बोटाचा भार जरा जास्त पडला की तो स्वर चढतो आणि अख्खी कॉर्ड बेसूर होते. जॅझचा गिटारवादक पोसला जातो तो कॉर्डवर. मॅकलॉफलिननं मींड घेतली आणि त्या बदल्यात आपल्या वाद्याचा पिढीजात धंदा धोक्यात घातला.

या लेखात मला त्याची कारकीर्द सांगायची आहे ती या देवघेवीच्या हिशेबानं. ‘फ्यूजन’ हा शब्द आपल्या बैठकीच्या श्रोत्यांत जवळपास शिवीसारखा वापरला जातो, आणि त्याला कारणंही आहेत. तबल्याचा एक ठेका, वर सतारीची एखादी लकेर, खाली बेस गिटार, झालं फ्यूजन. त्यात कुणी कुणाचं काही शिकलेलं नसतं. पण म्हणून सगळंच मिश्रण एका तागडीत घालून चालत नाही. दोन परंपरा एकत्र आल्या असं कुणी म्हटलं की मी आधी एवढंच विचारतो, या भेटीसाठी कोण किती वाकलं, आणि काय सोडून आलं?

*

मॅकलॉफलिन जन्मला ४ जानेवारी १९४२ रोजी, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टर गावी. रेल्वेचा आणि कोळशाचा हा मुलूख. आई व्हायोलिन वाजवायची, घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत होतं. लहानपणी पियानोचे धडे झाले आणि अकराव्या वर्षी थोरल्या भावांकडून फिरत फिरत गिटार त्याच्या हाती आली. मडी वॉटर्स, लेडबेली यांचे ब्लूज, मग फ्लामेंको, मग जँगो राइनहार्ट. म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या कानावर चार वेगळी घराणी पडलेली होती. त्या पिढीच्या इंग्लिश पोरांचं हे एक वैशिष्ट्य. त्यांची स्वतःची अशी जॅझची परंपरा नव्हती. सगळं रेकॉर्डवरून, दुरून, ऐकून उचललेलं. त्यामुळे अमुक एक शुद्ध आणि तमुक अशुद्ध, असं सांगणारं कुणी घरात नव्हतं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो लंडनला आला. ग्रॅहम बाँडच्या वाद्यवृंदात जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्यासोबत वाजवलं. जॉर्जी फेम, ब्रायन ऑगर यांच्याबरोबर वाजवलं. पोटासाठी स्टुडिओत दिवसाच्या बोलीवर कुणाकुणाची गाणी वाजवली. पुढे ‘लेड झेपलिन’मुळे जगप्रसिद्ध झालेला जिमी पेज या काळात त्याच्याकडे काही धडे घेऊन गेला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या गोव्याच्या वादकांचं आयुष्य ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे जगणं ओळखीचं वाटेल. दिवसभर दुसऱ्याची सुरावट कागदावरून वाचायची आणि रात्री स्वतःचं काहीतरी शोधायचं. जानेवारी १९६९मध्ये त्यानं ‘एक्स्ट्रॅपोलेशन’ ही स्वतःची पहिली रेकॉर्ड केली. जॉन सर्मन सॅक्सोफोनवर, टोनी ऑक्सली ड्रमवर. आजही ती ऐकताना वाटतं, हा माणूस इंग्लंडमध्येच राहिला असता तरी जॅझच्या इतिहासात त्याला चार ओळी मिळाल्या असत्या.

पण त्याला न्यूयॉर्कहून बोलावणं आलं. माइल्स डेव्हिसच्या पंचकातला तरुण ड्रमवादक टोनी विल्यम्स स्वतःचा ‘लाइफटाइम’ हा संच उभारत होता, त्यासाठी. फेब्रुवारी १९६९मध्ये मॅकलॉफलिन अमेरिकेत पोचला आणि त्याच महिन्याच्या १८ तारखेला, आल्या आल्या, चक्क माइल्सच्या स्टुडिओत बसला होता.

त्या दिवशी जे झालं ते त्यानं पुढे अनेकदा सांगितलं आहे. जो झाविनुलची ‘इन अ सायलेंट वे’ ही रचना समोर होती. तिच्यात कॉर्डची दाटी होती. माइल्सला ते रुचेना. त्यानं कॉर्ड काढून टाकायला लावल्या आणि मॅकलॉफलिनला म्हणाला, गिटार वाजवता येत नसल्यासारखी वाजव. समोर आदर्श मानलेला माणूस आणि त्याचा हा हुकूम! घाबरलेल्या मॅकलॉफलिननं नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात ती साधी ई मेजर कॉर्ड धरली आणि तिच्यातूनच एकेक स्वर सोडत सुरावट काढत गेला. लाल दिवा लागलेला आहे, ध्वनिमुद्रण चालू आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आपण ऐकतो ते हेच.

ही कथा बहुतेक वेळा माइल्सच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. कॉर्डचा पसारा बाजूला सारून एका षड्जाभोवती राहिलं तरी संगीत उभं राहतं, हा धडा मॅकलॉफलिनला भारतात किंवा भारतीय गुरूकडे मिळाला नाही. तो न्यूयॉर्कमध्ये, एका आफ्रिकी अमेरिकन ट्रम्पेटवादकाकडून मिळाला. माइल्स १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून या वाटेवर होताच. त्याचा एकेकाळचा साथीदार जॉन कोल्ट्रेन याच वाटेनं भारतीय संगीताकडे वळला होता. १९६१मध्ये त्यानं ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि पुढे मुलाचं नाव रविशंकरांवरून ‘रवी’ ठेवलं. म्हणजे रागसंगीताचं दार जॅझनं आतूनच किलकिलं केलेलं होतं. मॅकलॉफलिन त्या दारातून आत गेला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘बिचेस ब्रू’चं ध्वनिमुद्रण झालं. त्यातल्या एका तुकड्याचं नावच माइल्सनं ‘जॉन मॅकलॉफलिन’ असं ठेवलं.

*

न्यूयॉर्कमध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका भारतीय उपाहारगृहात तेव्हा एक बंगाली तरुण तबला वाजवायचा. बादल रॉय. मूळचा कुमिल्ल्याचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. मॅकलॉफलिन तिथे जायचा आणि अधूनमधून गिटार घेऊन त्याच्याबरोबर बसायचा. १९७१च्या ‘माय गोल्स बियाँड’ या रेकॉर्डवर बादल रॉयचा तबला आहे, तंबोरा आहे. आणि मॅकलॉफलिनच्या हाती विजेची नव्हे, साधी लाकडी गिटार आहे. पुढे त्याच्याच ओळखीनं बादल रॉय माइल्सपर्यंत पोचला.

याच सुमारास मॅकलॉफलिन श्री चिन्मय यांचा शिष्य झाला होता. चिन्मय मूळचे बंगालचे, पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढलेले आणि १९६४पासून न्यूयॉर्कमध्ये असलेले. त्यांनी शिष्याला नाव दिलं ‘महाविष्णू’. १९७१मध्ये त्यानं उभारलेल्या वाद्यवृंदाचं नाव पडलं ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’. आपल्या डोळ्यांपुढे महाविष्णू म्हटलं की शेषशय्येचं कॅलेंडर येतं. अमेरिकेतल्या विशीच्या पोरांपुढे मात्र पांढऱ्या कपड्यांतला, केस बारीक कापलेला, दोन मानांची गिटार गळ्यात अडकवलेला एक इंग्लिश माणूस यायचा. तो आधी प्रेक्षकांना क्षणभर शांत राहायला सांगायचा आणि मग कानठळ्या बसतील इतक्या आवाजात वाजवायला लागायचा.

त्या संचातले पाचही जण पाच ठिकाणचे. ड्रमवर पनामात जन्मलेला बिली कॉबम, कीबोर्डवर प्रागचा यान हॅमर, व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन, बेसवर आयर्लंडचा रिक लेअर्ड. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या दोन रेकॉर्डनी त्यांनी रॉकच्या श्रोत्याला जॅझ ऐकायला बसवलं. दुसरी तर अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पंधराव्या क्रमांकापर्यंत गेली. शब्द नसलेल्या, अठरा मात्रांच्या आवर्तनात चालणाऱ्या संगीताला एवढं गिऱ्हाईक मिळावं ही आजही नवलाचीच गोष्ट आहे.

अठरा मात्रांचं आपल्याला काही वाटत नाही. रूपक, झपताल, धमार यांवर पोसलेल्या कानाला विषम मात्रा परक्या नाहीत. पाश्चात्त्य श्रोता मात्र चारच्या पटीत डोकं हलवायला शिकलेला. त्याला या संगीतात पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटे. मॅकलॉफलिन या काळात भारतीय लयीचा अभ्यास करू लागला होता आणि त्याची छाया या रचनांवर स्पष्ट दिसते. तरीही महाविष्णू ऑर्केस्ट्राचं भारतीयपण मला नावापुरतं आणि गणितापुरतं वाटतं. वाद्यं तीच, आवाजाची जात तीच, कॉर्डचा सांगाडा तोच. तिथे मॅकलॉफलिननं भारताकडून घेतलं, पण स्वतःचं काही सोडलं नव्हतं. उलट आवाज वाढवला होता.

पहिला संच १९७३च्या अखेरीस आपसांतल्या कुरबुरींनी मोडला. दुसरा उभा राहिला, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर ‘अपोकॅलिप्स’ ही रेकॉर्ड झाली. दिमाख होता. पण तोवर याचं मन दुसरीकडे गेलेलं होतं.

*

कनेक्टिकट राज्यात वेस्लियन विद्यापीठ आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तिथे कर्नाटक संगीताचं शिक्षण देणारा एक विभाग चांगला फोफावला होता. डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे मॅकलॉफलिन तिथे वीणा शिकायला गेला. ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. हा माणूस तेव्हा मैदानं भरवत होता, आणि मधल्या दिवसांत सरस्वती वीणेवर सरळी वरिशैसारखे बाळबोध धडे घ्यायला बसत होता. वीणेवर तो फार काळ राहिला नाही, आपला हात गिटारचाच आहे हे त्याला कळलं. पण पडद्यांमधल्या खोलगट जागेत तार दाबून स्वर कसा वळवायचा हे त्या वाद्यानं त्याला दाखवलं. खरवडलेल्या गिटारचं मूळ इथे आहे.

इथे मराठी वाचकाला एक जुना वाद आठवेल. पेटीचा. पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर समान अंतरांवर बांधलेले, श्रुतींना जागा नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला आणि तीसेक वर्षं तो हुकूम चालला. नाट्यसंगीताच्या या मुलखात पेटीवाल्यांनी तो अपमान सोसला. गिटारवर आक्षेप घ्यायचा तर तो अक्षरशः हाच आहे. पडदे ठोकलेले, अंतरं ठरलेली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीतून गाणं काढलं ते बोटांच्या कसबानं, वाद्य न मोडता. मॅकलॉफलिननं वाद्यच कोरलं.

वेस्लियनमध्येच एल. शंकर संशोधन करत होता. व्ही. लक्ष्मीनारायण यांचा मुलगा, एल. सुब्रमण्यम यांचा धाकटा भाऊ. व्हायोलिन त्याच्या घरातच होतं. दुसरीकडे कॅलिफोर्नियात माहीमचा झाकीर हुसेन, उस्ताद अली अकबर खाँ यांच्या विद्यालयात तबला शिकवत होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खाँसाहेबांच्याच घरी मॅकलॉफलिन आणि झाकीर एकत्र वाजवायला बसले. पुढे मद्रासचे टी. एच. विनायकराम घटम घेऊन आले, रामनाड राघवन मृदंगम घेऊन. संचाचं नाव ठरलं ‘शक्ती’.

५ जुलै १९७५ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात त्यांची मैफल ध्वनिमुद्रित झाली. तीच त्यांची पहिली रेकॉर्ड. तीन रचना. पहिली ‘जॉय’, अठरा मिनिटांची. तिसरी जवळजवळ एकोणतीस मिनिटांची. मधे ‘लोटस फीट’ हा पावणेपाच मिनिटांचा विसावा. ड्रम नाहीत, बेस नाही, कीबोर्ड नाही, विजेची गिटार नाही. पाचही जण मांडी घालून बसलेले. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे उभा होता हे ज्यांना ठाऊक होतं, त्या प्रेक्षकांची काय अवस्था झाली असेल!

‘जॉय’ सुरू होते तीच भरधाव. व्हायोलिन आणि गिटार एकच अवघड सुरावट एकत्र वाजवतात, एका श्वासात, आणि खाली तबला, घटम, मृदंगम तिची प्रत्येक ठोक्याशी गाठ घालतात. हार्मनी म्हणावी अशी इथे जवळपास नाहीच. बदलत जाणाऱ्या कॉर्डची शिडी काढून घेतलेली आहे. उरलेत फक्त स्वरांची ओळ आणि लय. मग एकेकाची बारी, सवाल-जवाब, शेवटी तिहाया. ही मांडणी आपल्याकडच्या मैफलीची. पण उत्साह, धोका पत्करण्याची तऱ्हा, एकमेकांना भरीस घालणं हे जॅझचं. पुढच्या ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ या रेकॉर्डची सुरुवात तर कोणक्कोलनं होते. कोणक्कोल म्हणजे कर्नाटक पद्धतीची पढंत. पाच मात्रांना ‘त-दि-गि-ण-तोम्’ म्हणायचं, तसे बोल. ही बोलांची भाषा मॅकलॉफलिननं घोटून घेतली. लय कळण्यासाठी जगातल्या कुठल्याही वादकाला याहून चांगलं साधन नाही असं तो सांगत आला आणि पुढे सेल्वागणेशबरोबर त्यानं कोणक्कोल शिकवणारी चित्रफीतही काढली.

शक्तीबद्दल लिहिताना ‘पूर्व-पश्चिमेचं मीलन’ हा वाक्प्रयोग सर्रास वापरला जातो. तो खोटा नाही, पण त्यामुळे एक अधिक महत्त्वाची घटना झाकली जाते. ही भेट उत्तर आणि दक्षिण यांचीही होती. तबला आणि घटम-मृदंगम एका संचात रोज शेजारी बसताहेत, हे १९७५ साली आपल्याकडे कितीसं दिसत होतं? जुगलबंद्या होत, पण त्या एका संध्याकाळपुरत्या. कायमचा संच म्हणजे एकमेकांचं व्याकरण शिकणं आलं. झाकीरच्या घरात त्याची तयारी होती. उस्ताद अल्लारखाँ यांना कर्नाटक तालांचं आकर्षण होतं आणि १९६८मध्ये त्यांनी बडी रिच या अमेरिकन ड्रमवादकाबरोबर रेकॉर्डही केली होती. तरी माहीम आणि मद्रास यांना वर्षानुवर्षं एका सतरंजीवर बसवायला डॉनकास्टरचा माणूस लागला. त्याला दोन्हीकडची घराण्यांची भांडणं माहीत नव्हती, किंवा असली तरी ती त्याची नव्हती. त्याच्या परकेपणाचा सर्वांत मोठा उपयोग मला इथे झालेला दिसतो.

आणि बादल रॉयच्या तबल्याशी झाकीरच्या तबल्याची तुलना करून पाहावी. दोष बादल रॉयचा नव्हे, जागेचा. सत्तरच्या सुरुवातीच्या अमेरिकन रेकॉर्डवर तबला अत्तरासारखा होता. नसता तरी रचना उभी राहिली असती. ‘शक्ती’तून तबला काढून पाहा, काहीही उरत नाही.

*

याची किंमत पडली. कोलंबिया कंपनीला विजेच्या गिटारवाला ‘महाविष्णू’ हवा होता. मांडी घालून बसलेला जॉन नको होता. कंपनीचे लोक, व्यवस्थापक, सगळ्यांनी त्याला वेड्यात काढल्याचं त्यानं पुढे सांगितलं आहे. चिन्मयांची संगतही याच काळात सुटली, ‘महाविष्णू’ नाव गळून पडलं. गंमत पाहा. भारतीय नाव टाकलं तेव्हाच त्याचं संगीत भारताच्या सर्वांत जवळ आलं होतं. ‘शक्ती’च्या तीन रेकॉर्ड निघाल्या, तिसरी १९७७ची ‘नॅचरल एलिमेंट्स’, आणि संच थांबला.

१९७८ला त्याची जी रेकॉर्ड आली तिचं नाव होतं ‘इलेक्ट्रिक गिटारिस्ट’. मुखपृष्ठावर त्याच्या तरुणपणातलं व्हिजिटिंग कार्ड छापलेलं होतं, त्यावर हेच दोन शब्द. त्यात थट्टा आहे आणि थोडा कडवटपणाही असावा असं मला वाटतं. तुम्हाला हाच हवा होता ना, घ्या.

पुढची वीस वर्षं मी भराभर सांगतो. त्यांत चांगलं पुष्कळ आहे, पण आपल्या हिशेबात नवं थोडं. ५ डिसेंबर १९८० रोजी पाको दे लुसिया आणि अल दी मेओला यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत तीन लाकडी गिटारींची मैफल झाली. तिच्या रेकॉर्डच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. वेगाची आतषबाजी ज्यांना आवडते त्यांना ती आवडेल. मला ती दर वेळी दमवते. १९८५मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर त्याचा गिटारसाठीचा काँचेर्तो, ‘मेडिटरेनियन’, पहिल्यांदा वाजला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याच्या त्रिकुटात तालवाद्यांवर आला मुंबईचा त्रिलोक गुर्टू. शोभा गुर्टूंचा हा मुलगा. ‘सामना’मधल्या गाण्यामुळे ज्यांचा आवाज मराठी घराघरांत पोचला त्या शोभा गुर्टू. ठुमरी-दादऱ्याच्या घरात वाढलेल्या त्रिलोकनं तबला आणि पाश्चात्त्य ड्रम जमिनीवर बसून एकत्र वाजवायची स्वतःची एक रीत काढली होती. १९८९च्या लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधल्या मैफलीची रेकॉर्ड ऐकावी. त्यात तो बोल म्हणू लागतो तेव्हा श्रोते हसू लागतात आणि मग हळूहळू गप्प होतात.

*

१९९७मध्ये ‘रिमेंबर शक्ती’ या नावानं संच पुन्हा जमला. पहिल्या दौऱ्यात एल. शंकरच्या जागी हरिप्रसाद चौरसिया होते. मग आला मेंडोलिनवाला यू. श्रीनिवास, आणि विनायकरामांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश. मॅकलॉफलिनच्या हाती आता पुन्हा विजेची गिटार होती, पण मवाळ आवाजाची. सात जादा तारांचं वाद्य मागे पडलं होतं.

या संचाच्या डिसेंबर २०००मधल्या मुंबईच्या मैफलींवरून ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ ही रेकॉर्ड निघाली. शिवकुमार शर्मा, शंकर महादेवन, देबाशिष भट्टाचार्य, शिवमणी, तौफिक कुरेशी, भवानीशंकर असे किती तरी जण तिच्यात आहेत. आपल्याकडच्या मंचांवरची वाद्यं मोजून पाहा. काश्मीरचं संतूर रागसंगीताला चालत नाही म्हणून शिवकुमारांना १९५५च्या मुंबईतल्या पहिल्या मैफलीनंतर वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. त्यांनी तारांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं, लोकांची तोंडं बंद केली. मेंडोलिन इटलीचं, श्रीनिवासनं कोवळ्या वयात त्यावर त्यागराजाच्या कृती वाजवून मद्रासच्या जाणत्यांना गप्प केलं. देबाशिषच्या मांडीवर आडवी ठेवलेली गिटार. आणि व्हायोलिन, जे दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाच्या बँडमधून दक्षिणेत शिरलं आणि आज परकं आहे हे कुणाला आठवतही नाही. या पंगतीत मॅकलॉफलिनची गिटार बसते तेव्हा ती पाहुणी वाटत नाही. ज्यांना आपण आपली वाद्यं म्हणतो त्यांतली कित्येक अशीच, खरवडून-तासून आत आलेली आहेत.

याचा अर्थ तो रागदारीचा वादक झाला असा नव्हे, आणि तसा दावा त्यानं कधी केला नाही. आलापात तो फार वेळ टिकत नाही. बढत, एकेक स्वर उलगडत जाणं, ही त्याची वृत्ती नव्हे. दोन मिनिटांत तो वेगाकडे ओढला जातो. स्वर वळवताना त्याला गमक साधते, पण स्वरावर नुसतं उभं राहणं क्वचित साधतं. किराण्याच्या कानाला हे खटकणारच. मलाही खटकतं.

पण उतारवयातली एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. श्रीनिवास सप्टेंबर २०१४मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. मॅकलॉफलिनच्या हाताला संधिवातानं गाठलं, २०१७मध्ये त्यानं अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला. आणि २०२०मध्ये त्याची, शंकर महादेवनची आणि झाकीरची ‘इज दॅट सो?’ ही रेकॉर्ड आली. ‘कट्यार काळजात घुसली’मधला पंडितजींचा आवाज मराठी श्रोत्याला वेगळा सांगायला नको. चेंबूरच्या शंकरनं इथे रागाच्या अंगानं गायलं आहे आणि खाली मॅकलॉफलिननं गिटार-सिंथेसायझरवरून कॉर्ड भरल्या आहेत. सरकत्या, बदलत्या, दाट कॉर्ड. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मींडेसाठी जे बाहेर ठेवलं होतं, तेच त्यानं आता गाण्याच्या पायाशी आणून ठेवलं.

हे शास्त्राच्या विरुद्ध आहे. षड्ज अचल असतो या गृहीतावर राग उभा. खालची कॉर्ड बदलली की तोच गंधार कानाला वेगळा लागतो, षड्ज क्षणभर षड्ज राहत नाही. काही ठिकाणी ते फसलं आहे, सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं गोडमिट्ट झालं आहे. पण काही जागा अशा आहेत की शंकर एका स्वरावर थांबतो, खालचा रंग बदलतो आणि तो स्वर जागचा न हलता दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो. हे जमवायला नुसत्या कॉर्ड येऊन भागत नाही. कुठे हात आवरायचा, कुठल्या स्वराला धक्का लावायचा नाही, ते कळावं लागतं. १९७० साली त्याला ते जमलं नसतं.

जानेवारी २०२३मध्ये शक्तीचा पन्नाशीचा दौरा भारतातून सुरू झाला, मुंबईतही झाला. व्हायोलिनवर आता गणेश राजगोपालन होता. त्याच वर्षी ‘धिस मोमेंट’ ही रेकॉर्ड आली. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी तिला ग्रॅमी मिळालं. मॅकलॉफलिन तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता. झाकीरला त्या एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाली.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर सॅन फ्रान्सिस्कोत गेला, त्र्याहत्तराव्या वर्षी. साउथहॅम्प्टनच्या त्या मंचावर ‘जॉय’ सुरू झाली तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.